न्हाणीतले ऊन



पहाटे चार वाजता न्हाणीतून पऱ्हाट्या मोडल्याचा आवाज येई आणि त्या आवाजाने आमचे घर जागे होई. कोंबडा त्याच्यानंतर आरवत असे. न्हाणीच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल, तिच्यावर तांब्याचा मोठा हंडा आणि चुलीपुढे गुडघ्यात मान घालून फुंकणीने जाळ फुंकणारी आई. पावसाळ्यात पऱ्हाट्या ओल्या असत. मग घरभर असा धूर होई, की आम्ही भावंडे डोळे पुसतच उठायचो. आम्हाला वाटे, सगळ्यांच्या घरी असेच असते. आणि खरोखरच सगळ्यांच्या घरी तसेच होते.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून १९९१ साली बी.एस्सी. झालो आणि पुढे विस्तार कामात लागलो. गावोगाव सभा घेऊन सांगू लागलो, ‘कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या जाळू नका. त्यांचे खत करा, रान सुधारेल.’ लोक ऐकून घेत. एकदा एका सभेत मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारले, ‘साहेब, तुमच्या घरी आंघोळीचं पाणी कशावर तापतं?’ सभा हसली, मीही हसलो. पण घरी येताना मोटारसायकलवर मला ते हसू काही सोडेना. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. घरात पाच माणसे. माणशी पंधरा लिटरची एक बादली धरली तरी पंचाहत्तर लिटर पाणी रोज तापवायचे. ते अठरा-वीस अंशांनी तापवायला साडेतेराशे-पंधराशे किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या काडीत किलोमागे साडेतीन-चार हजार किलोकॅलरी असते. पण उघड्या चुलीत त्यातला जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. बाकीची उष्णता भिंतीला, हवेला आणि फुंकणाऱ्याच्या तोंडाला. म्हणजे रोजची साडेतीन-चार किलो काडी नुसत्या आंघोळीला, आणि वर्षाची बारा क्विंटलांच्या वर! स्वयंपाकाचे जळण यात धरलेलेच नाही. हिशेब ढोबळ आहे, पण तुम्ही तुमच्या घरचा करून पाहा, फार वेगळा येणार नाही.

उन्हाची ओळख मला तशी जुनी होती. विद्यापीठात असताना सूर्यचूल पाहिली होती. बाहेरून पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. शासनाने १९८०नंतर या पेट्या अनुदानावर पुष्कळ दिल्या. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षीच मी एक घरी आणली. कल्पना नवी होती असे मात्र नाही. १८७८ साली मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकवटून अन्न शिजवण्याचे आणि वाफेचे इंजिन चालवण्याचे प्रयोग केले होते आणि त्यावर पुस्तकही लिहिले होते. म्हणजे आपल्याच मुलखातले ऊन शंभर वर्षांपूर्वी चुलीला जुंपून झाले होते.

आईने ती पेटी प्रामाणिकपणे वापरून पाहिली. सकाळी नऊला डाळ-तांदूळ लावून शेतात गेले की बारापर्यंत वरण-भात तयार. खाली लागणे नाही, उतू जाणे नाही. शेंगदाणे तर तिच्यात असे खमंग भाजत, की शेजारणी मागायला येत. पण महिनाभराने आईने पेटी माळ्यावर टाकली. मी रागावलो तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, हिच्यात भाकर होत नाही. भाकरीसाठी चूल पेटवायचीच, तर मग वरण काय जड झालंय का तिला?’ यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्वारीच्या भाकरीला तवा चांगला तापलेला लागतो आणि वर जाळावर शेकावी लागते. पेटीतल्या शंभर-सव्वाशे अंशांत ते होत नाही. योजना आखणाऱ्याने भाकरीचा विचार केला नव्हता आणि योजना घरी आणणाऱ्या मीही केला नव्हता. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली छपरावर तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होऊ लागला. पण तिथे शिजवायचे ते डाळ-भात आणि भाजी. आपल्या घरी सगळे भाकरीपाशी येऊन अडते.

भाकरीपुढे ऊन हरले, पण आंघोळीचे तसे नव्हते. पाण्याला काही भाजायचे नसते, नुसते तापायचे असते. म्हणून २००८ साली आम्ही शंभर लिटरचा सौर बंब घेतला. काळ्या पत्र्याला चिकटवलेल्या तांब्याच्या नळ्या, वर काच आणि मागे उंचावर टाकी. नळीतले पाणी तापले की हलके होऊन वर टाकीत चढते आणि टाकीतले गार पाणी खाली नळीत उतरते. पंप नाही, वीज नाही. फक्त टाकीचा तळ पेटीच्या माथ्यापेक्षा उंच हवा आणि गार पाण्याची टाकी त्याहूनही उंच हवी. हे मी आधीच वाचले होते, म्हणून तेवढे बरोबर झाले.

पहिल्या दिवशी आईने नळाखाली हात धरला आणि चटका बसून मागे घेतला. मग हसली. पदर तोंडाला लावून किती तरी वेळ हसत होती. दोन हिवाळे चुलीपुढे कोणी बसले नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात पाणी कोमट येऊ लागले आणि मग गारच. विकणाऱ्याला दहा वेळा निरोप पाठवले, तो आला नाही. शेवटी मी स्वतः नळी सोडवून पाहिली, तर आत पांढरा थर! आमच्या बोअरचे पाणी इतके जड, की चहाच्या पातेल्यालाही थर धरतो. त्या बारीक नळ्या दोन वर्षांत जवळजवळ बंद झाल्या होत्या. मी मातीचे आणि पाण्याचे नमुने तपासून घ्या म्हणून गावोगाव ओरडत फिरणारा माणूस. स्वतःच्या घरचे पाणी मात्र बंब घेण्यापूर्वी तपासले नव्हते. विकणाऱ्याने विचारले नाही हे खरे, पण मीही सांगितले नाही.

चूल पुन्हा पेटली. मीही मग कामाच्या धबडग्यात म्हणा, किंवा लाजेने म्हणा, तो विषय काढला नाही. पाच-सहा वर्षे अशीच गेली. गच्चीवरच्या त्या पेटीत चिमण्यांनी घरटे केले.

२०१६च्या पावसाळ्यात आईला दम लागू लागला. जिना चढताना थांबायची, रात्री उशी उंच करून बसून झोपायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘तंबाखू, विडी?’ मी म्हणालो, ‘छे हो, कधीच नाही.’ त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, ‘चुलीपुढे किती वर्षे?’

आईनेच उत्तर दिले, ‘लग्न होऊन आले तेव्हापासून.’

डॉक्टर म्हणाले, ही फुप्फुसे विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसांसारखीच झाली आहेत. आता झाली ती झीज भरून येणार नाही, पण धूर थांबला तर पुढची झीज मंदावेल. स्वयंपाकाला गॅस आमच्याकडे तोपर्यंत आला होता. धूर उरला होता तो न्हाणीतलाच. म्हणजे माझ्या त्या पाच-सहा वर्षांच्या लाजेची किंमत आईच्या छातीने दिली होती. हे लिहिताना जड जाते, पण लिहिले नाही तर पुढच्या गोष्टी तुम्हाला कशाला सांगायच्या?

त्याच महिन्यात दुसरा बंब आला. या वेळी काचेच्या नळ्यांचा. या नळ्या दुपदरी असतात, थर्मासच्या बाटलीसारख्या. मधली हवा काढून घेतलेली असल्याने आत आलेली उष्णता बाहेर जात नाही. नळ्या रुंद असल्याने जड पाण्यातही लवकर चोंदत नाहीत. थर धरतोच, पण तो वर्षातून एकदा टाकी रिकामी करून, नळ्या उपसून धुता येतो. दिवाळीच्या आधी, घर सारवण्याच्या दिवसांत आम्ही हे काम उरकतो. पाणी फारच जड असेल तर असा बंब मिळतो, की ज्यात तापणारे पाणी वेगळे फिरते आणि आंघोळीचे वेगळे. तो महाग असतो, पण दोनदा स्वस्त घेण्यापेक्षा परवडतो, हे मी अनुभवाने सांगतो.

या दुसऱ्या बंबाशीही मी एक मूर्खपणा केला. एकदा गावात पाणी नव्हते, टाकी कोरडी पडली. चैत्रातल्या दुपारी दोनला पाणी आले आणि मी उत्साहाने व्हॉल्व्ह उघडला. तट्, तट्, तट्! तीन नळ्या फुटल्या. रिकाम्या नळ्या उन्हात भट्टीसारख्या तापलेल्या असतात, त्यांत गार पाणी घालणे म्हणजे तापल्या तव्यावर काचेचा ग्लास ठेवणे. बंब कोरडा पडला तर पहाटे भरावा, नाही तर नळ्यांवर पोते झाकून त्या निवू द्याव्यात आणि मग भरावा. टाकीच्या माथ्यावर हवा जायला-यायला जी छोटी नळी असते, तीही गांधीलमाशीने बुजवली नाही ना, हे अधूनमधून पाहावे. ती बुजली तर टाकी पोचते.

आणखी एक. बंब न्हाणीच्या जितका जवळ, तितका बरा. लांब नळात रात्रीचे गार झालेले पाणी साठते, ते आधी निघून जावे लागते. नळावर आच्छादन घातले तरी पहिली अर्धी-एक बादली गारच येते.

शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायचे तर विजेच्या गिझरला साडेचार युनिटांच्या वर वीज लागते. हे पाणी गार पाण्यात मिसळले की सहा-सात माणसांची आंघोळ आरामात होते. घरात सौरऊर्जेला पहिला पैसा घालायचा तो कुठे, असे मला कोणी विचारले तर मी सांगतो, आधी न्हाणीत घाला, विजेचे नंतर बघू.

आता विजेचे. २०२४ साली केंद्र सरकारने घराच्या छपरावरच्या विजेसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. तिच्यात दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला तीस हजार आणि तिसऱ्या किलोवॉटला अठरा हजार असे अनुदान ठेवले. म्हणजे जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजार. संच बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यावर हे पैसे बँकेत जमा होतात. आधी खर्च आपणच करायचा किंवा कर्ज काढायचे. हे नीट न सांगितल्याने पुष्कळ जणांची फसगत होते. अर्ज मंजूर झाला म्हणजे पैसे आले, असे समजून लोक काम सुरू करतात.

विकायला येणारा माणूस तुम्हाला तीन किलोवॉटचाच संच सुचवील, कारण अनुदान तिथे सगळ्यात जास्त. त्याचे ऐकू नका. बारा महिन्यांची बिले काढा, युनिटे मिळवा आणि बाराने भागा. एक किलोवॉटचा संच आपल्याकडे दिवसाला सरासरी चार, म्हणजे महिन्याला एकशेवीसच्या आसपास युनिटे देतो. दोन दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर एवढ्या घराला एक किलोवॉट पुष्कळ झाला. आमच्याकडे फ्रीज, कूलर आणि घरगुती गिरणी असल्याने मी दोन घेतला. चार पट्ट्या, दक्षिणेकडे तोंड, वीस अंशांचा उतार. कर्ज काढले ते माझ्या पगारावर, मालावर नाही.

किलोवॉटला शंभर चौरस फूट सपाट, बिनसावलीची जागा लागते. माळवदाचे घर असेल तर कृपा करून माळवदावर हे ओझे चढवू नका. एकेक पट्टी वीस-पंचवीस किलोंच्या पुढे, त्यात लोखंडी सांगाडा आणि वर वाऱ्याचा जोर. अंगणात किंवा गोठ्याच्या कडेला खांब रोवून मांडव घाला, खाली सावलीला जनावरेही बसतील. सावलीचे मात्र फार जपावे. पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे लिंबाच्या एका फांदीची सावली एका पट्टीवर पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. आमच्या लिंबाची एक फांदी मला तोडावी लागली. आई दोन दिवस बोलली नाही.

लोकांचा एक समज असा, की मे महिन्यात वीज सगळ्यात जास्त मिळेल. तसे होत नाही. पट्टीला उजेड हवा असतो, ताप नको असतो. बेचाळीस अंशांच्या दुपारी पट्टी पासष्ट अंशांपर्यंत तापते आणि तिची सुमारे सातव्या हिश्श्याची ताकद कमी होते. आकाश निरभ्र आणि हवा थंड असते, त्या फेब्रुवारीत ती खरी खुलते. पावसाळ्यातल्या काळ्याकुट्ट दिवशी आमच्या संचाने दोन युनिटेही दिलेली नाहीत. धूळ धुवायची ती सकाळी किंवा सांजेला, मऊ फडक्याने. बोअरच्या जड पाण्याने धुतलेत तर पांढरे डाग उरतात. मी पावसाचे पाणी पिंपात साठवून ठेवतो.

संच बसल्याच्या पहिल्याच जूनमध्ये वादळ झाले, विजेचे दोन खांब आडवे झाले. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. छपरावर पट्ट्या चमकताहेत आणि घरात पंखा बंद! शेजारी मुद्दाम पाहायला आले. आई म्हणाली, ‘वर ऊन अन् खाली अंधार. बरं केलंस बाबा.’ खरे कारण असे, की मीटरला जोडलेला संच लाईन गेली की आपोआप बंद पडतो. तसा तो पडलाच पाहिजे, नाही तर तुमच्या छपरावरची वीज लाईनीत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. हे मला ठाऊक होते, घरात सांगायचे राहिले होते. ज्यांच्या गावी दिवसा तासन्‌तास वीज जाते, त्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. लाईन नाही तेवढा वेळ तुमचे ऊनही वाया. बॅटरीचा संच मिळतो, पण खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. मी मधला मार्ग काढला. एक वेगळी शंभर वॉटची पट्टी, एक बॅटरी, त्यावर चार दिवे आणि आईच्या उशाचा एक कमी विजेचा पंखा. दम्याच्या माणसाला रात्री वारा लागतो.

माझी आणखी एक चूक सांगून टाकतो. सुरुवातीच्या एका सभेत मी म्हणून गेलो, ‘बिल शून्य येईल.’ एका शेतकऱ्याने माझ्या शब्दावर बायकोच्या बचत गटातून कर्ज उचलून संच घेतला. दोन महिन्यांनी तो बिल घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. ‘साहेब, शून्य म्हणाला होतात.’ बिलात विजेचा आकार खरोखर शून्य होता, पण स्थिर आकार होताच. तो वीज वापरा, न वापरा, भरावाच लागतो. रक्कम मोठी नव्हती. पण हप्ता काढताना त्याच्या बायकोने रुपया-रुपयाचा हिशेब केला होता आणि तो माझ्या एका शब्दाने चुकला होता. मी त्यांच्या घरी जाऊन त्या माउलीपुढे सगळे पुन्हा मांडले. ती म्हणाली, ‘हे आधी सांगितलं असतं तरी घेतलंच असतं. पण आधी सांगायला पाहिजे होतं.’ तेव्हापासून मी सभेत आधी खर्च सांगतो, मग फायदा. आणि कोणी बोलावले तर सही करण्यापूर्वी कागद वाचायला जातो. पट्टीची पंचवीस वर्षांची हमी लिहिलेली असते, ती वीज देण्याची. इन्व्हर्टरची हमी वेगळी असते आणि बरीच कमी वर्षांची असते. अर्थिंग आणि वीजरोधक खर्चात धरले आहेत की नाहीत, तेही पाहावे.

आईचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. दम आहे, पण वाढलेला नाही. डॉक्टर समाधानी आहेत, ती नाही. न्हाणीतली चूल तिने मोडू दिलेली नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे ती चार काड्या पेटवायला लावते, अभ्यंगाचे पाणी चुलीवरचेच हवे म्हणते. तेवढा एक दिवस मी फुंकणी हातात घेतो आणि तिला ओसरीवर बसवतो. बाकीचे दिवस ती पहाटे चारलाच उठते, सवय जात नाही. नळ सोडते. पहिली बादली गार येते, ती तुळशीसाठी बाजूला काढून ठेवते, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, ‘तुझा सूर्य अजून अंथरुणातच आहे बघ.’